गॅस गार करण्याचं बिल

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी जाहीर केलं की नवे एसी २० अंशांच्या खाली आणि २८ अंशांच्या वर जाऊ नयेत, असा नियम करायचा विचार आहे. त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपली. चौथ्या मजल्यावरच्यांना १८ शिवाय झोप लागत नाही. सेक्रेटरींच्या मते २६ वर ठेवून पंखा लावला की भागतं. एक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, हा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा आकडा कुणीतरी टाकला. त्यावर लगेच प्रश्न आला, "हे सहा टक्के काढले कुठून?"

आमच्याच मजल्यावर एक काका राहतात. आखातातल्या एका गॅस प्लांटात उमेदीची वर्षं काढून परत आलेले. एरवी ग्रुपवर त्यांची हजेरी शुभ सकाळपुरतीच. त्या दिवशी मात्र त्यांनी लिहिलं, "आमच्याकडेही अंशावरून भांडणं व्हायची. फक्त ती उणे पस्तीसला."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन बसले. चहाचे दोन कप झाले आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर बऱ्याच आकृत्या झाल्या. पुढचं सगळं त्या पानांवरून, आणि नंतर मी वाचून, गणितं करून पडताळलेलं.

जाळायचाच आहे, मग आधी गार कशाला?

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात बॉम्बे हाय आहे. १९७४ साली 'सागर सम्राट' या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या रिगने तिथे तेल शोधलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तेलाबरोबर गॅसही वर येतो. समुद्राच्या तळावरच्या नळांतून दोन्ही उरणला पोचतात. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडणाऱ्यांना किंवा आता अटल सेतूवरून जाणाऱ्यांना उरण म्हणजे पलीकडचा किनारा. आपल्या स्वयंपाकघराशी त्याचं नातं मात्र जवळचं आहे.

समुद्रातून आलेला गॅस म्हणजे मिसळ. त्यात सर्वांत जास्त मिथेन, मग थोडं इथेन, प्रोपेन, ब्यूटेन आणि त्याहून जड काही. मिथेन वेगळं काढलं की ते पाइपच्या गॅसमध्ये आणि रिक्षाच्या सीएनजीत जातं. प्रोपेन आणि ब्यूटेन एकत्र केले की तो आपला लाल सिलिंडर. इथेन-प्रोपेन नागोठण्याच्या कारखान्यात प्लास्टिकचा कच्चा माल म्हणून गेलं. शेजारच्या घरात पाइप आणि तुमच्या घरात सिलिंडर असेल, तर दोन्ही एकाच मिसळीतून निघालेले असू शकतात.

ही मिसळ वेगळी करायचा मार्ग म्हणजे थंडी. प्रत्येक घटक वेगवेगळ्या तापमानाला द्रव होतो: ब्यूटेन शून्याच्या जरासं खाली, प्रोपेन उणे ४२ अंशांना, इथेन उणे ८९ ला आणि मिथेन थेट उणे १६२ ला. हे आकडे साध्या हवेच्या दाबाचे. प्लांटात दाब बराच जास्त असल्यामुळे ते वर सरकतात, पण क्रम बदलत नाही. गॅस गार करत गेलं की जड घटक आधी थेंबाथेंबाने खाली बसतात आणि मिथेन वरून निघून जातं. भाताच्या झाकणाला आतून पाणी धरतं, तोच प्रकार.

हे जड घटक विकायचे नसते तरी काढावेच लागले असते. नाहीतर ते पाइपलाइनमध्येच द्रव होऊन साचले असते. हझिऱ्याहून उत्तर प्रदेशापर्यंत जाणारी लाइन डिसेंबरच्या रात्री चांगलीच गार पडते. आणि गॅसमध्ये पाण्याची वाफ उरली असेल तर शून्याच्या वरच्या तापमानालासुद्धा बर्फासारखे गोळे धरून नळ तुंबतो. म्हणून गार करण्याआधी गॅस कोरडा करतात. ते प्रकरण वेगळं, इथे सोडून देते.

थंडी तयार करता येत नाही

काकांनी पहिल्या पानावर हेच लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. आपण थंडी 'करतो' असं म्हणतो. प्रत्यक्षात आपण उष्णता एका जागेवरून उचलून दुसरीकडे टाकतो. फ्रिज दुधातली उष्णता काढतो आणि मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो. म्हणून फ्रिजमागची भिंत कोमट लागते.

ही हमाली करणाऱ्या पदार्थाला शीतक म्हणायचं. घरच्या नव्या फ्रिजच्या मागच्या स्टिकरवर बहुतेक वेळा आर-६००ए लिहिलेलं असतं. तो आयसोब्यूटेन, म्हणजे सिलिंडरमधल्या मंडळींपैकीच एक. गॅस प्लांटात ही हमाली बहुधा प्रोपेन करतं. हे आपण पाहिलेलंही आहे. लग्नाच्या मांडवात किंवा वडापावच्या गाडीवर मोठी शेगडी तासभर धडधडून चालली की सिलिंडरच्या खालच्या अंगाला दव धरतं, कधी पांढरी बर्फाची साय येते. आतला द्रव गॅस उकळून वाफ होताना लागणारी उष्णता सिलिंडरच्या पत्र्यातून आणि बाहेरच्या हवेतून ओढून घेतो. प्लांटातला 'चिलर' म्हणजे हीच गोष्ट मोठ्या आकारात: एका बाजूला उकळणारं प्रोपेन, दुसऱ्या बाजूला गार व्हायला आलेला गॅस.

यातली गंमत अशी की हे प्रोपेन त्याच गॅसमधून काढता येतं. घरच्याच दुधाचं दही लावायला घरचंच विरजण.

पण वडापाववाल्याचं प्रोपेन जळून जातं. प्लांटाला ते पुन्हा वापरायचं असतं, म्हणून त्याची फेरी चालते. चिलरमधून निघालेली वाफ कॉम्प्रेसर दाबतो. दाबल्यामुळे ती तापते. मग कंडेन्सरमध्ये ती बाहेरच्या हवेला किंवा पाण्याला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते. शेवटी एका व्हॉल्व्हमधून तिचा दाब एकदम उतरवला की ती गार होऊन परत चिलरला लागते. चार जागा, एक फेरी. पैसे मुख्यतः एकाच जागी जातात, कॉम्प्रेसरला.

बिल उंचीवर ठरतं

पाण्याचा पंप आठवा. तळातल्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायचं तर वीज दोन गोष्टींवर लागते: किती पाणी आणि किती मजले. उष्णतेचंही तसंच. चिलरचं तापमान हा तळ, कंडेन्सरचं तापमान ही गच्ची, आणि मधला फरक म्हणजे इमारतीची उंची.

सादी कार्नो नावाचा फ्रेंच अभियंता १८२४ साली या हिशोबाच्या मुळाशी पोचला. त्याच्या सूत्राने मी गणित करून पाहिलं. गच्ची ४५ अंशांना धरली आणि तळातून १०० युनिट उष्णता उचलायची ठरवलं, तर तळ ५ अंशांना असताना जगातल्या निर्दोष यंत्रालाही १४ युनिट ऊर्जा लागेल. तळ उणे ३५ ला नेला की ३४. उणे १०० ला ८४. आणि उणे १६० ला १८१, म्हणजे उचलायच्या उष्णतेपेक्षा हमालीच जास्त. खऱ्या यंत्रांना याच्या दीडपट-दुप्पट लागते.

ग्रुपवरच्या सहा टक्क्यांचं उत्तरही इथेच आहे. एसी एक अंश वर नेला की उंची थोडी कमी होते, शिवाय बाहेरून खोलीत झिरपणारी उष्णताही घटते. मजले कमी आणि पाणीही कमी. दोन्ही मिळून तो आकडा होतो.

उणे ३५ वर चालणाऱ्या प्लांटात तळ ५ अंशांनी वर आणला तर आदर्श हिशोबात ८ टक्के ऊर्जा वाचते. गच्ची ५ अंशांनी खाली आणली तर ६ टक्के. उंची दोन्हीकडे सारखीच घटते, तरी तळाकडचा अंश महाग पडतो, आणि जितकं खोल जावं तितका आणखी महाग. काकांची भांडणं याच अंशांवरून व्हायची.

गच्ची खाली आणायची कशी?

कंडेन्सरने उष्णता टाकायची ती बाहेर. म्हणजे बाहेरच्या हवेच्या किंवा पाण्याच्या तापमानाखाली तो जाऊ शकत नाही. पण त्याच्या किती वर राहतो, हे आपल्या हातात असतं.

इथे मुंबईकरांना जवळचा वाटेल असा एक मुद्दा आहे. नागपूरला कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पाण्याने गार करणारी यंत्रणा, म्हणजे प्लांटातला कूलिंग टॉवर, त्या कूलरचाच थोरला भाऊ. तापमापीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा जिथे येऊन थांबतो, त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. टॉवर पाण्याला त्याच्या खाली नेऊ शकत नाही. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असली, म्हणजे मे महिन्यातली नागपूरची दुपार, तर हा ओला पारा २३ च्या आसपास येतो. हवा ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असली, म्हणजे आपला मे, तर तो २८ च्या पुढे. उन्हाचा चटका नागपूरला, पण टॉवरचं पाणी गरम मुंबईकडचं. किनाऱ्यावरच्या प्लांटात म्हणून पाण्याशिवाय, पंख्यांनी नुसती बाहेरची हवा मारणारे कूलर पुष्कळदा तितकेच परवडतात. फक्त खारी हवा त्यांच्या पातळ पात्या खाते आणि धूळ त्यांच्यात बसते.

आपल्या फ्रिजवर हा प्रयोग करता येतो. आमच्याकडे फ्रिज भिंतीला टेकलेला होता आणि मागच्या जाळीवर पिठाच्या गिरणीसारखा थर. दुरुस्तीला आलेल्या माणसाने काही न उघडता फ्रिज चार बोटं पुढे ओढला, ब्रशने जाळी साफ केली आणि ताडकन म्हणाला, "बाई, मशीन ठीक आहे, त्याला श्वास घेऊ द्या." प्लांटातही बरंचसं काम याच जातीचं असतं: पात्या धुणे, नळ्यांतला चुन्याचा थर काढणे, पंख्याचे पट्टे ताणणे.

एक सवयीचाही दोष आहे. काही ठिकाणी कंडेन्सरचा दाब वर्षभर एकाच आकड्यावर बांधून ठेवतात, भर उन्हाळ्याच्या दुपारचा. जानेवारीच्या पहाटे बाहेर १८ अंश असले तरी प्रोपेन मुद्दाम गरम ठेवलं जातं, कारण पुढच्या व्हॉल्व्हला तेवढा दाब लागतो असं गृहीत धरलेलं असतं. व्हॉल्व्ह जरा मोठा बसवला आणि दाबाला हवेबरोबर खाली येऊ दिलं, तर रात्री आणि हिवाळ्यात बचत आपोआप होते. पहाटे लिफ्ट तिसऱ्या मजल्यापर्यंतच हवी असताना ती विसाव्यापर्यंत का न्यायची?

आणि एक बारीक गोष्ट. शीतक प्रोपेनमध्ये इथेन मिसळलं गेलं की कंडेन्सरचा दाब विनाकारण चढतो, कारण इथेन सहजी द्रव होत नाही. घरच्या विरजणाचा हा तोटा. विरजण आंबट निघालं की सगळं दही बिघडतं.

तळ वर उचलायचा कसा?

गॅस उणे ३० पर्यंत गार व्हायला हवा असेल तर प्रोपेन त्याहून थोडं गार लागणारच. किती थोडं, हा खरा प्रश्न. नळ्या स्वच्छ असतील आणि पुरेशा असतील तर तीन-चार अंशांचा फरक पुरतो. नळ्यांवर थर बसला की तोच फरक आठ-दहावर जातो, आणि ते वाढलेले अंश कॉम्प्रेसरच्या माथी.

हा थर बहुतेकदा तेलाचा असतो. कॉम्प्रेसरला वंगण लागतं, त्यातलं थोडं प्रोपेनबरोबर वाहत चिलरमध्ये येतं. प्रोपेन उकळून निघून जातं, तेल मागे राहतं. दूध आटवताना पातेल्याला खरवड धरते तसं. ते काढायला चिलरच्या तळाला तोटी असते. काका म्हणाले की एका शिफ्टने ती दोन महिने उघडलीच नव्हती, कारण प्रत्येकाला वाटायचं की आधीच्याने उघडली असेल. वहीत सही मात्र रोजची.

पण त्यांच्या मते या सगळ्यापेक्षा मोठा खर्च भीतीचा. गॅसमध्ये जड घटक ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त राहिले तर खरेदीदार तक्रार करतो आणि रात्रपाळीच्या माणसाला सकाळी साहेबापुढे उभं राहावं लागतं. म्हणून उणे ३२ पुरेसे असताना उणे ३६ ठेवायचे. चार अंश जास्त, म्हणजे सहा-सात टक्के जास्त ऊर्जा, फक्त झोप नीट लागावी म्हणून. यात त्या माणसाला दोष देता येत नाही. मर्यादेच्या किती जवळ आहोत हे त्याला दिसतच नसेल तर तो लांबूनच चालणार. गॅसचा घटकवार तपास दर काही मिनिटांनी पडद्यावर दाखवणारं यंत्र नीट चालतं ठेवलं, की हे चार अंश सहज परत मिळतात. मला हा मुद्दा सर्वांत पटला, कारण यात एकही नवं अजस्र यंत्र घ्यावं लागत नाही.

मधल्या मजल्यावरची टाकी

आता जरा अवघड, पण मजेशीर भाग. ४५ अंशांचं द्रव प्रोपेन व्हॉल्व्हमधून उणे ३५ ला उतरतं. पण आधी त्याला स्वतःलाच गार व्हावं लागतं, आणि त्यासाठी त्यातलंच प्रोपेन उकळतं. किती? जवळजवळ निम्मं. म्हणजे १०० किलोपैकी ४५ ते ४८ किलो गॅसला हातही न लावता वाफ होऊन जातं, आणि ती वाफ कॉम्प्रेसरला तळापासून गच्चीपर्यंत पुन्हा दाबावी लागते. हमालांच्या टोळीत निम्मे हमाल बाकीच्यांचे डबे वाहतायत, असं काहीसं.

उपाय उंच टॉवरमध्ये सापडतो. चाळीस मजल्यांच्या इमारतीत सगळं पाणी एकदम गच्चीवर चढवून खालच्या मजल्यांना सोडत नाहीत. मधल्या मजल्यावर टाकी असते. तसंच दाब एकदम न उतरवता दोन टप्प्यांत उतरवायचा. पहिल्या टप्प्यात जी वाफ होते ती मधल्या दाबालाच बाजूला काढून कॉम्प्रेसरच्या मधल्या टप्प्यात सोडायची. तिला तळापर्यंत जाऊन पुन्हा वर यायचं कारणच उरत नाही. या मधल्या टाकीला इकॉनॉमायझर म्हणतात. उणे ४० च्या सुमाराला चालणाऱ्या प्रोपेनच्या फेरीत तिने कॉम्प्रेसरची ऊर्जा साधारण सहाव्या ते पाचव्या हिश्शाने कमी होते. आणखी एक टाकी लावली तर आणखी थोडं वाचतं, पण पहिल्या टाकीइतकं नाही. जुन्या लहान प्लांटांत ती सुरुवातीचा खर्च वाचवायला गाळलेली असते.

गार झालेलं वाया घालवू नका

जड घटक काढून झाल्यावर उरलेलं मिथेन उणे तिशीत असतं. ते तसंच पाइपलाइनमध्ये सोडलं तर इतके पैसे खर्चून केलेली थंडी फुकट गेली. म्हणून ते आत येणाऱ्या गरम गॅसच्या शेजारून उलट दिशेने नेतात. बाळासाठी गरम दुधाचा पेला गार पाण्याच्या ताटलीत ठेवतो तसं. जाणारा गरम होतो, येणारा गार होतो, आणि चिलरला उरलेलंच काम करावं लागतं. ही अदलाबदल जितकी चोख तितकी प्रोपेनची फेरी लहान. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची यासाठीची पेटी दोन-तीन अंशांच्या फरकावरही काम करते. तिच्यात कचरा अडकला तर मात्र साफ करणं महाकठीण.

दुसरी युक्ती दाबाची. गॅस मोठ्या दाबाने आला असेल तर तो नुसत्या व्हॉल्व्हमधून सोडला तरी गार होतो. पण त्याच दाबाने एक टर्बाइन फिरवून घेतलं तर गॅसने काम केल्यामुळे तो कितीतरी जास्त गार होतो, आणि फिरणाऱ्या आसावर दुसरा कॉम्प्रेसर फुकटात चालतो. याला टर्बो-एक्स्पांडर म्हणतात. मुंबईच्या नव्या लोकल ब्रेक लावताना वीज तारेत परत देतात. जुन्या गाड्या तीच ऊर्जा चाकांवर घासून उडवायच्या. व्हॉल्व्ह आणि टर्बाइन यांच्यात तेवढाच फरक. अर्थात पुढे पाइपलाइनला तोच दाब पुन्हा लागणार असेल तर तो परत भरावा लागतो, म्हणून हिशोब संपूर्ण प्लांटाचा करायचा, एका यंत्राचा नाही.

रिकाम्या बसचं डिझेल

प्लांट बांधताना जेवढा गॅस धरलेला असतो तेवढा कायम येत नाही. विहिरी म्हाताऱ्या होतात. पण कॉम्प्रेसर मोठाच राहतो. फिरत्या पात्यांच्या कॉम्प्रेसरला ठरावीक प्रवाहाच्या खाली चालवलं तर गॅस उलटा फिरतो आणि यंत्र थरथरून मोडू शकतं. याला सर्ज म्हणतात. ते टाळायला एक व्हॉल्व्ह उघडून दाबलेला गॅस परत तोंडाशी आणतात. यंत्र सुरक्षित, पण तोच गॅस गोल गोल दाबला जातो. दुपारी तीनची रिकामी बस स्टॉपमागून स्टॉप घेत फिरते, तिचं डिझेल काही कमी होत नाही.

इथे मात्र नवी खरेदी कामी येते. कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारी मोटर, किंवा आतलं चाक बदलून कमी गॅसला साजेसं बसवणं. त्याआधी एक फुकटचं काम: तो व्हॉल्व्ह बंद असताना खरंच बंद होतो का, हे तपासणं. गळका नळ दिसतो. गळका व्हॉल्व्ह दिसत नाही, फक्त पाइप कोमट लागतो.

"प्लांटाला गॅस फुकटच ना, मग कशाला एवढा आटापिटा?"

हा आणि पुढचेही प्रश्न ग्रुपवरचेच. अनेक प्लांटांत कॉम्प्रेसर तिथलाच गॅस जाळणाऱ्या टर्बाइनवर चालतात, त्यामुळे वीजबिल असं येत नाही. म्हणूनच कुणी मागे लागत नव्हतं. पण जाळलेला प्रत्येक किलो विकता आला असता. भारत आपल्याला लागणाऱ्या गॅसचा जवळपास निम्मा भाग बाहेरून आणतो, तोही द्रव करून, जहाजाने. शिवाय एक किलो मिथेन जळलं की पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो.

"मग सौर ऊर्जेवर चालवा की." कॉम्प्रेसर विजेच्या मोटरवर असतील तर चालवता येतील, आणि तो बदल होतोही आहे. पण उंची तीच राहिली तर पॅनेलही तितकेच जास्त लागणार. आधी मजले कमी करा, मग पंप कशावर चालवायचा ते ठरवा.

"टर्बाइनच्या धुराड्यातून एवढी उष्णता जाते, ती वापरून थंडी नाही करता येत?" येते. पाण्यात मुरलेला अमोनिया उष्णतेने बाहेर काढून कॉम्प्रेसरऐवजी ती उष्णताच वापरणारी यंत्रं आहेत. जागा खूप खातात आणि खोल थंडीला कमी पडतात, पण प्रोपेनला कंडेन्सरनंतर थोडं आणखी गार करायला उत्तम. काका याबाबत जरा कुरकुरले. त्यांचा अनुभव असा की अशी यंत्रं उद्घाटनाच्या दिवशी सुंदर चालतात. मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. देखभालीला माणसं दिली तर चालायला हरकत नाही.

"माझ्या गॅसच्या बिलात किती फरक पडेल?" खरं सांगायचं तर जवळजवळ काही नाही. गॅसचा भाव विहीर, जहाज, कर आणि सरकारी धोरण यांवर ठरतो. प्लांटातली बचत मुख्यतः प्लांटाच्या मालकाची आणि हवेची.

सर्वांत उंच इमारत

या सगळ्याचं टोक म्हणजे मिथेनच द्रव करणं. उणे १६२ अंशांना ते सहाशेपट लहान होतं आणि जहाजात भरता येतं. तो एलएनजी. तळ इतका खोल असल्याने एका शीतकाचं काम नाही. प्रोपेन पहिले मजले उतरवतं, पुढे तीन-चार वायूंचं मिश्रण. मिश्रणच का? कारण शुद्ध शीतक एकाच तापमानाला उकळतं, तर गॅस हळूहळू गार होत जातो. मधलं अंतर वाया जातं. मिश्रण पायरीपायरीने उकळतं, गॅसच्या उताराला लागून चालतं. एवढं करूनही एक टन एलएनजीला साधारण २५० ते ३५० युनिट वीज लागते. आमच्या घराची दीड-दोन महिन्यांची.

आणि ते जहाज २००४ पासून गुजरातेत दहेजला येऊ लागलं तेव्हापासून आपण काय करतो? ती थंडी पुन्हा काढून टाकतो, कारण पाइपलाइनला वायू हवा. कतारमध्ये ऊर्जा खर्चून भरलेली थंडी दहेजच्या हवेत सोडली जाते. ससून डॉकवर मासे ठेवायला आपण वीज जाळून बर्फ करतो, आणि इथे फुकटचे उणे १६२! पण थंडी नळातून फार लांब जात नाही, गिऱ्हाईक शेजारीच लागतं. जपानमध्ये टर्मिनलांजवळ हवेपासून ऑक्सिजन वेगळा करणारे कारखाने आणि शीतगृहं ती वापरतात.

दहेजलाही एक गिऱ्हाईक आहे. ओएनजीसीने तिथे आयात एलएनजीतून इथेन, प्रोपेन आणि ब्यूटेन वेगळं काढायचा प्लांट उभारला. माल गारच आलेला असतो, म्हणून उरणला जी उतरंड कॉम्प्रेसरने करावी लागते तिचा मोठा भाग इथे आधीच झालेला असतो, कतारच्या खर्चाने. हे ऐकून काकांनी कॅलेंडरचं पान उलटलं आणि विचारलं, "तिथल्या शिफ्टला अंशावरून भांडायला काही उरलंय की नाही?"